युद्धाच्या काळात रेडिओ-रडारच्या कारखान्यांत बायका कशा आल्या? "नाजूक बोटं" हे कारण खरं आहे का?

मुग्धा_चिंचवड

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न जरा लांबलाय, पण वेळ काढून वाचा प्लीज.

माझी आई १९७१ मध्ये एकोणिसाव्या वर्षी पुण्यातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत लागली. कंपनीचं नाव लिहीत नाही, ती कधीच बंद झालीये. तिचं काम वायरचे हार्नेस बांधायचं. म्हणजे एक लाकडी फळी, तिच्यावर खिळे ठोकलेले, त्या खिळ्यांच्या मधून वेगवेगळ्या रंगांच्या वायरी ड्रॉइंगप्रमाणे फिरवायच्या आणि मग मेण लावलेल्या दोऱ्याने ठराविक अंतरावर गाठी मारत सगळ्याची एक जुडी करायची, ती पुढे सेटमध्ये जशीच्या तशी बसली पाहिजे, एक वायर बोटभर कमी पडली तरी अख्खी जुडी सोडायची. त्या डिसेंबरात लढाई सुरू झाली तेव्हा यांच्याकडे मिलिटरीचा माल चालू होता, रविवारची सुट्टी बंद. पुण्यात ब्लॅकआऊट, खिडक्यांना काळे कागद, कंपनीच्या बसच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग मारलेला, आणि त्या बसमधून या सगळ्या पोरी अंधारात घरी यायच्या. हे आई नेहमी सांगते.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे साखरपुडा होता, पंगतीत मामा म्हणाला की बायकांची बोटं नाजूक, त्यांना गजरे गुंफायची सवय असते म्हणून कंपन्या त्या कामाला बायकाच घ्यायच्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. आई खाली मान घालून जेवत राहिली, काही बोलली नाही, आणि ते तिचं गप्प बसणं मला तेव्हापासून खातंय.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये रेडिओ-रडारच्या कारखान्यांत हजारो बायका होत्या एवढं वाचलंय. त्या नक्की काय काम करायच्या? तिथेही हेच नाजूक बोटांचं कारण देत होते का? आणि लढाई संपल्यावर त्यांचं काय झालं? आमच्या महिला मंडळात ८ मार्चला यावर बोलायचंय, आई समोर बसलेली असणार, त्यामुळे ऐकीव काही नको.

जुना_रेडिओ_सदाशिव

मुग्धाताई, छान प्रश्न विचारलात. मी रिटायर्ड आहे, चाळीस एक वर्षं व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरच्या आधी सिग्नल वाढवायला वापरायच्या त्या काचेच्या नळ्या) रेडिओ दुरुस्त करतोय, जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी व्हॉल्व्ह गोळा करणं हा छंद. त्यामुळे कामाबद्दल सांगू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे बायका युद्धामुळे रेडिओच्या कारखान्यात आल्या हे अर्धंच खरं. बल्ब आणि व्हॉल्व्हच्या कारखान्यांत त्या वीस-तीसच्या दशकापासून होत्याच, आणि मोठ्या संख्येने होत्या. युद्धाने दोन गोष्टी केल्या, एक तर संख्या प्रचंड वाढली आणि दुसरं म्हणजे टेस्टिंग, इन्स्पेक्शन, मशिन सेट करणं असली जी कामं पुरुषांसाठी राखून ठेवलेली होती ती बायकांना द्यावी लागली कारण पुरुष फौजेत गेले. इंग्लंडने तर डिसेंबर १९४१ मध्ये कायदाच केला, वीस ते तीस वयाच्या अविवाहित मुली आणि मूलबाळ नसलेल्या विधवा यांना सक्तीने युद्धकार्यात बोलावता येत होतं.

आता व्हॉल्व्ह. तुम्ही कधी जुना मर्फी रेडिओ मागून उघडून बघितला असेल तर आत काचेच्या बाटल्या दिसतात ना, त्या. त्या काचेच्या आत मधोमध एक कॅथोड (तापला की इलेक्ट्रॉन सोडणारा भाग), त्याच्याभोवती केसासारख्या तारेची गुंडाळलेली जाळी म्हणजे ग्रिड, बाहेरून पत्र्याची प्लेट, आणि हे सगळं वर-खाली अभ्रकाच्या चकत्यांमध्ये बसवलेलं. ग्रिड आणि कॅथोडमधलं अंतर मिलिमीटरचा अगदी लहानसा अंश. ते चिमट्याने उचलायचं, अभ्रकाच्या भोकात बसवायचं, आणि पायाने पेडल दाबून इवलासा स्पॉट वेल्ड मारायचा. बोटाचा घाम लागला किंवा कपड्याचा एक तंतू आत राहिला तर व्हॉल्व्ह वाया. जाळी चिमट्यात जरा जास्त दाबली गेली तर बाहेरून काही कळत नाही, टेस्ट बेंचवर जाऊन कळतं. मी एकदा फुटलेल्या व्हॉल्व्हमधली ग्रिड सरळ करायला बसलो होतो, तासाभराने सोडून दिलं. ते काम या बायका दिवसभर करायच्या, आठ-दहा तास.

आणि काय काय बनवलं बघा. शिकागोच्या गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंगने (पुढे १९४७ मध्ये तिचंच नाव मोटोरोला झालं) हातात धरायचा एससीआर-५३६ हा सेट काढला, पाच व्हॉल्व्हचा, वजन सव्वादोन किलोच्या आसपास, एरियल ओढून बाहेर काढली की तो आपोआप चालू व्हायचा. असे सुमारे एक लाख तीस हजार सेट तयार झाले. पाठीवर घ्यायचा एससीआर-३०० तर सतरा किलोचा, त्यात अठरा व्हॉल्व्ह. बऱ्याच सेटमध्ये फ्रिक्वेन्सी पक्की ठेवायला क्वार्ट्झचा क्रिस्टल लागायचा. ब्राझीलहून दगड यायचा, तो कापून चकती करायची आणि मग घासत घासत बरोबर फ्रिक्वेन्सीवर आणायची, शेवटचं घासणं हातानेच. थोडं घासा, मीटरवर लावून बघा, परत थोडं घासा, आणि एक फिरवणी जास्त झाली की क्रिस्टल गेला कारण काढलेलं परत चिकटवता येत नाही. बरं, घासून तयार केलेले क्रिस्टल नंतर डबीत ठेवल्या ठेवल्या फ्रिक्वेन्सी सोडायला लागले, कारण घासल्यामुळे वरचा थर पिचलेला असायचा, मग ॲसिडमध्ये बुडवून तो थर काढायची पद्धत आली.

मला स्वतःला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे प्रॉक्सिमिटी फ्यूज. तोफेच्या गोळ्याच्या टोकात बसवलेला छोटा रेडिओ सेट, विमानाच्या जवळ गेला की गोळा आपोआप फुटणार. गोळा सुटताना वीस हजार जी (गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पट) इतका धक्का बसतो आणि आत काचेचे व्हॉल्व्ह! श्रवणयंत्रात वापरायच्या बारक्या व्हॉल्व्हपासून ते विकसित केले. असे दोन कोटी वीस लाखांहून जास्त फ्यूज तयार झाले. काम इतकं गुप्त होतं की ते जोडणाऱ्या बहुतेक बायकांना आपण काय बनवतोय हेच माहीत नव्हतं.

घाईत लिहिलंय, काही विचारायचं असेल तर विचारा.

अभय_भोसरी

सर, माहिती मस्तच. पण मला एक प्रामाणिकपणे विचारायचंय, रागावू नका कोणी. माझं भोसरीत छोटं युनिट आहे, पीसीबी (सर्किट बोर्ड) असेंब्लीचं, लाईनवर बावीस जणी आहेत. मी रोज बघतो की बारीक काम बायका खरंच जास्त चांगलं करतात, मुलगे ठेवून बघितले, रिजेक्शन वाढतं, दोन महिन्यात सोडून जातात. मग नाजूक बोटं म्हटलं तर त्यात चूक काय? कौतुकच आहे ना ते?

सीमा_लाईन_नं_३

अभयभाऊ, रागवत नाही, पण उत्तर देते. मी सव्वीस वर्षं लाईनवर काढली, आधी सोल्डरिंग मग टच-अप मग शेवटची सात वर्षं नवीन पोरींना शिकवायला. कंपनीचं नाव नको.

माझी बोटं नाजूक नाहीत. शेतकऱ्याच्या घरातली मी, खुरपं धरलेले हात. पहिल्या दिवशी मी सोल्डरिंग आयर्न असा धरला होता की सुपरवायझरने माझा हात धरून बाजूला केला. पहिले दोन आठवडे सगळे जॉइंट कोरडे, वरून चकचकीत दिसायचे आणि नखाने हलवलं की सुटायचे. मग हळूहळू कळायला लागलं की आधी बोर्डवरचा पॅड आणि पार्टचा पाय दोन्ही तापवायचे, तार आयर्नला नाही जॉइंटला लावायची, सोल्डर पाण्यासारखा पळाला की त्याच क्षणी आयर्न उचलायचा, एक सेकंद उशीर झाला की बोर्डवरचा तांब्याचा ट्रॅक उचलला जातो. हे बोटात नसतं हो, हे डोळ्यात आणि डोक्यात असतं आणि तिथे यायला मला चार-पाच महिने लागले. नवीन पोरींना शिकवताना मी बघितलंय, दहा पोरी आल्या तर तीन जणींना कधीच जमत नाही. बाईचा हात म्हणून जमत असतं तर दहाही जणींना जमलं असतं ना.

तुमचे मुलगे दोन महिन्यात सोडून जातात कारण त्या पगारात त्यांना दुसरीकडे काम मिळतं. आम्ही टिकायचो कारण आम्हाला मिळायचं नाही. धाकटं पोर घरी, सासूला पाच वाजता परत येते म्हणून सांगून आलेलं, रात्रपाळी तेव्हा कायद्याने नाही, मग जाणार कुठे. मान मोडून बसून काम करायची सवय आम्हाला लहानपणापासून लावलेली असते, भावाला नाही लावत. ती सवय तुम्हाला लाईनवर आयती मिळते आणि तिचे पैसे द्यावे लागत नाहीत.

कौतुकाचं म्हणाल तर कौतुक आम्हालाही आवडतं. पण पगाराचा करार व्हायचा तेव्हा लेथवरचा माणूस स्किल्ड आणि आम्ही अनस्किल्ड नाहीतर सेमी-स्किल्ड. का? तर त्याने काम शिकलंय आणि आम्हाला ते देवाने दिलंय. आमच्याकडे बायका कायम अठ्ठावीस-एकोणतीस ठेवायचे, तीसच्या वर गेलं की पाळणाघर द्यावं लागतं म्हणून. फ्लक्सचा धूर सरळ तोंडावर, पंखा मागितला तर सोल्डर थंड होतो म्हणायचे. चाळिशीनंतर डोळे गेले की पॅकिंगला.

मुग्धा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. हार्नेस बांधणाऱ्या बायकांच्या बोटांना दोऱ्याच्या चिरा पडायच्या, मी बघितल्यात.

अभय_भोसरी

ताई, हे वाचून मी खरंच विचारात पडलो. पगाराच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. फ्यूम एक्स्ट्रॅक्टरचं (धूर ओढून घेणारं मशिन) कोटेशन दोन महिने टेबलावर पडलंय, उद्या बघतो.

ॲड_रोहिणी

सीमाताईंनी जे सांगितलं तेच अमेरिकेत कागदावर लिहिलेलं सापडतं, म्हणून मुद्दाम लिहितेय. कामगार कायद्यात प्रॅक्टिस करते, शिवाजीनगरला.

वेस्टिंगहाऊस ही तिकडची मोठी इलेक्ट्रिकल कंपनी. १९३९ मध्ये त्यांनी पगार ठरवायचं मॅन्युअल केलं. प्रत्येक कामाला कौशल्य, जबाबदारी वगैरे बघून पॉइंट द्यायचे, आणि ही पॉइंटची पद्धत बायकांच्या आणि पुरुषांच्या कामाला सारखीच. म्हणजे कामाचं मोजमाप अगदी नीट केलेलं. आणि मग त्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय की तेवढ्याच पॉइंटला बायकांचा रेट कमी, कारण बायका नोकरीत तात्पुरत्या असतात, थोडा काळ काम करतात, वगैरे. म्हणजे काम हलकं आहे असं त्यांचं म्हणणंच नव्हतं! काम सारखं आहे हे स्वतः मोजून, लिहून मग कमी दिले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते पान दोनदा वाचावं लागलं.

युद्धात वॉर लेबर बोर्ड नावाची सरकारी यंत्रणा पगारवाढीवर नियंत्रण ठेवत होती. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यांनी जनरल ऑर्डर नं. १६ काढली, त्यात कंपन्यांना बायकांचा पगार पुरुषांइतका करायला परवानगी दिली. परवानगी बरं का, सक्ती नाही. एखादी बाई पुरुषाच्या मशिनवर त्याच्या जागी बसली तर तुलना सोपी होती. पण ज्या कामावर आधीपासून फक्त बायकाच, तिथे तुलना कोणाशी करायची? व्हॉल्व्हची असेंब्ली, कॉइल वाइंडिंग (तारेची वेटोळी गुंडाळणं) ही सगळी अशीच कामं. इलेक्ट्रिकल कामगारांच्या युनियनने, युई म्हणायचे तिला, जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाऊसविरुद्ध हाच मुद्दा बोर्डापुढे नेला. १९४५ च्या शेवटी बोर्डाने मान्य केलं की हो, बायकांच्या म्हणून ठरलेल्या कामांना कामाच्या मानाने कमी पैसे दिले जातात. पण तोपर्यंत युद्ध संपलेलं, बोर्डाचे अधिकार गेलेले, कंपन्यांनी ते अमलात आणलं नाही. जानेवारी १९४६ मध्ये संप झाला, त्यातल्या मागण्यांमध्ये हाही विषय होता. आणि वेस्टिंगहाऊसच्या त्याच जुन्या पगाररचनेवरून १९८० मध्ये, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी, अपील कोर्टात केस उभी होती.

आपल्याकडे समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये आला (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या वेतन संहितेने घेतली). "समान किंवा समान स्वरूपाचं काम" असा शब्द होता त्यात. वाचायला छान, पण अडचण तीच, लाईनवर सगळ्या बायकाच असतील तर मालक म्हणतो कोणाशी समान, दाखवा पुरुष. ग्रेडच्या वेळी "अनस्किल्ड" लिहिलं की पुढचं सगळं त्या एका शब्दाने ठरतं. पाळणाघराचं सीमाताईंनी सांगितलं ते जुन्या फॅक्टरी ॲक्टचं कलम ४८, आधी पन्नास बायकांची अट होती, १९७६ मध्ये तीस केली. संध्याकाळी सात ते सकाळी सहा बायकांना काम द्यायचं नाही हे त्याच ॲक्टचं तेव्हाचं कलम ६६. चांगल्या हेतूने केलेलं, पण "रात्रपाळीला येत नाहीस मग बढती कशी मागतेस" असं म्हणायला ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं.

निनाद_पिंपरी

थोडं वेगळं सांगतो, पण विषयाला धरूनच आहे. आमच्या पिंपरीत फिलिप्सचा कारखाना होता, माझी काकू तिथे होती, त्यामुळे त्या कंपनीबद्दल मिळेल ते वाचत असतो.

हॉलंडवर जर्मनांचा ताबा असताना वुख्त इथे छळछावणी होती, तिथे १९४३ मध्ये फिलिप्सचं एक वर्कशॉप सुरू झालं, कैद्यांकडून काम करून घ्यायला. बायका-पुरुष दोघंही होते, त्यात ज्यूही बरेच. रेडिओचं काम, हाताने दाबून पेटणाऱ्या डायनॅमो टॉर्चचं काम. कंपनीकडून त्यांना दुपारी एक गरम जेवण मिळायचं, त्या छावणीत ती केवढी गोष्ट असेल. जून १९४४ मध्ये तिथल्या ज्यू कामगारांना ऑशविट्झच्या मृत्युछावणीत नेलं. पण त्यातल्या बायकांना व्हॉल्व्हचं काम येत होतं म्हणून तिथून पुढे टेलिफुंकन कंपनीच्या कामाला रायशेनबाखला पाठवलं. ४६९ ज्यू कामगारांपैकी ३८२ जण वाचले. त्यांना सांभाळणाऱ्या फ्रिट्स फिलिप्स यांचा इस्रायलने १९९५ मध्ये सन्मान केला.

चिमट्याने जाळी बसवता येते एवढ्यावर जीव वाचला, हे डोक्यातून जात नाही माझ्या. तिथे कोणी नाजूक बोटं म्हणत नव्हतं, तिथे त्यांना काम येतं हे दिसत होतं.

जुना_रेडिओ_सदाशिव

निनाद, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. माझ्याकडे एक ईएफ-५० आहे, फिलिप्सचाच व्हॉल्व्ह, ब्रिटिश रडारचा कणा म्हणावा असा. मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरायच्या जेमतेम आधी असे हजारो व्हॉल्व्ह इंग्लंडला पाठवले होते. हातात घेतला की मला नेहमी आतले वेल्ड आठवतात.

मुग्धाताईंचा तिसरा प्रश्न राहिलाच की, नंतर काय झालं. लढाई संपली आणि ऑर्डर एकदम रद्द, बायकांना मोठ्या संख्येने काढलं, टेस्ट बेंच परत सैन्यातून आलेल्या पुरुषांकडे. पण असेंब्ली लाईनवरून बायका गेल्या नाहीत, कारण लगेच घरगुती रेडिओ आणि मग टीव्ही आले. आरसीए या अमेरिकन रेडिओ कंपनीने १९४० मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमधून रेडिओची लाईन हलवून इंडियानातल्या ब्लूमिंग्टनला कारखाना काढला होता, तिथे मुख्यतः बायकाच, युद्धात तिथे ते प्रॉक्सिमिटी फ्यूज व्हायचे. पुढे तिथल्या बायकाही युनियन करून पगार मागायला लागल्या, तर कंपनीने १९६८ मध्ये मेक्सिकोत हुआरेझला लाईन नेली. तिथे परत तरुण मुली, आणि कारण परत नाजूक बोटांचंच.

सीमा_लाईन_नं_३

सर, शेवटचं वाचून पोटात कालवलं. आमची लाईन पण अशीच दुसऱ्या राज्यात नेली.

मुग्धा_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर आईला हे सगळं मोबाईलवरून वाचून दाखवलं. व्हॉल्व्हचं ऐकताना ती मधेमधे "हां, बरोबर, घाम पुसून घ्यायचा" असं म्हणत होती. सीमाताईंचं वाचलं तेव्हा तिने तर्जनी पुढे केली, तिथे अजून एक आडवी पांढरी रेघ आहे, मी ती लहानपणापासून बघतेय आणि मला वाटायचं विळीने कापलं असेल.

मग म्हणाली, तुझ्या मामाला सांग, मला गजरा आजही येत नाही. लग्नात माझा गजरा माझ्या वहिनीने केला होता. हार्नेस शिकायला मला तीन महिने लागले, पहिल्या महिन्यात अकरा जुड्या सोडायला लावल्या होत्या मला, आणि मी रडले होते. पुढे ड्रॉइंग न बघता चौसष्ट वायरींची जुडी बांधायचे. नंतर जो सुपरवायझर आला त्याला गाठ कशी मारायची ते मीच शिकवलं, त्याला ग्रेड मिळाली.

अकरा हा आकडा तिला पन्नास वर्षांनंतर पाठ आहे.

८ मार्चला मी बोलणार नाही असं ठरलंय. आई बोलणार आहे, मी फक्त फळी आणि खिळे आणून देणार. सदाशिव सर, मेण लावलेला दोरा पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत अजून मिळतो का? नसेल तर रविवारी जुन्या बाजारात येते, तुम्ही असता ना?

जुना_रेडिओ_सदाशिव

असतो, दहाच्या आत या. दोरा माझ्याकडेच आहे, अर्धं रीळ. आईंनाही घेऊन या.